आधी कड, मग तोंड: कारखानदारीची टोकनं आणि पदकं, सूचीच्या कामाच्या नोंदी

४ जून

काकांनी अख्खा संग्रह सूचीसाठी मोकळा करून दिला, आजपासून काम चालू. सगळं कारखानदारीशी संबंधित आहे, म्हणजे खाणवाल्यांनी आणि लोखंडवाल्यांनी काढलेली टोकनं (सुट्ट्या पैशांसारख्या चालणाऱ्या खाजगी चकत्या), पूल रेल्वे बोगदे यांच्या उद्घाटनाची पदकं, औद्योगिक प्रदर्शनांची बक्षिसं, कंपन्यांच्या पंचविशी-पन्नाशीची पदकं, असं १७८७ पासून थेट चंद्रमोहिमेपर्यंत. जी पदकं संग्रहात नाहीत पण विषयासाठी लागतातच त्यांची नोंद संग्रहालयांनी खुल्या केलेल्या फोटोंवरून करायची आणि नोंदीत तसं स्पष्ट लिहायचं, असं ठरलं.

आज फक्त रकाने ठरवले. बहुतेक याद्यांत सुरुवातच चित्राच्या वर्णनाने होते, उजवीकडे बघणारा चेहरा, खाली साल, भोवती अक्षरं वगैरे. काका म्हणाले, "अरे आधी कड बघ, मग तोंड बघ." मला ते लगेच पटलं कारण ही वस्तू ज्या कारखानदारीचं कौतुक करते तिच्याच यंत्रांवर ती बनलेली असते, चित्रात कारखाना कितीही झकपक दाखवलेला असू दे, त्या वर्षी त्या लोकांना खरंच काय जमत होतं हे धातू, कड आणि ठसा किती भरून उठलाय यावरून कळतं. म्हणून रकान्यांचा क्रम असा लावला: वजन, व्यास, जाडी, धातू, कड, ओतलंय की ठोकलंय, कोणी बनवलं, कोणाच्या हातात गेलं, आणि चित्र सगळ्यात शेवटी.

६ जून

पहिली नोंद ड्रुइड पेनीची, पॅरिस माइन कंपनी, १७८७. हे फ्रान्समधलं पॅरिस नाही, वेल्समधल्या अँगलसी बेटावर याच नावाचा तांब्याचा डोंगर आहे, १७६८ मध्ये तिथे मोठा साठा सापडला आणि थॉमस विल्यम्स नावाच्या वकिलाने त्यावर प्रचंड धंदा उभा केला. त्या काळात ब्रिटनमध्ये सुट्ट्या पैशांचे हाल होते. सरकारी टांकसाळीने १७७५ नंतर तांब्याची नाणी पाडणं बंदच केलेलं, बाजारात खोटी आणि हलकी नाणी भरलेली, आणि नवीन कारखान्यांत तर शेकडो लोकांना दर आठवड्याला रोख मजुरी द्यायची. मग खाणवाल्यांनी स्वतःच्याच तांब्याची स्वतःची पेनी काढली.

एका बाजूला ओकच्या पानांच्या माळेत दाढीवाला ड्रुइड, म्हणजे प्राचीन केल्टिक पुरोहित, दुसऱ्या बाजूला कंपनीची गुंफलेली अक्षरं आणि भोवती लिहिलंय की धारकाला एक पेनी देण्याचं वचन देतो. वाक्य इथे संपत नाही. कधी आणि कुठे देणार ते कडेवर आहे, मागणी करताच, लंडन लिव्हरपूल किंवा अँगलसी इथे. म्हणजे वचनाचा अर्धा भाग तोंडावर आणि अर्धा कडेवर, ज्या यादीत कडेची नोंद नाही तिथे हे वचन अर्धवटच राहतं.

वजन जवळपास एक औंस, म्हणजे पेनीत साधारण पेनीच्या किमतीचं तांबं घालायचा प्रामाणिक प्रयत्न. लोकांनी विश्वास ठेवला तो यामुळे.

९ जून

विल्किन्सन. या टोकनावर आज पूर्ण दिवस गेला.

जॉन विल्किन्सन हा लोखंडाचा मोठा कारखानदार, तोफा नीट भोकायचं त्याचं तंत्र १७७४ चं आणि त्यातूनच पुढे सिलिंडर आतून अचूक कोरायचं यंत्र आलं, त्यामुळे जेम्स वॉटच्या वाफेच्या इंजिनाला खरोखर गोल सिलिंडर मिळाला, त्याआधी दट्ट्या आणि सिलिंडर यांच्या मधून वाफ निसटायची. १७८७ पासून या माणसाने स्वतःची टोकनं काढली, आणि जिथे राजाचा चेहरा असतो तिथे स्वतःचा चेहरा घातला, भोवती फक्त नाव आणि आयर्न मास्टर, म्हणजे लोखंडाचा कारखानदार, एवढंच. त्या काळी लोकांना हे फार खटकलं होतं. मला मात्र उलटी बाजू जास्त आवडते. भट्टीची कामशाळा, मोठा यांत्रिक हातोडा, आणि त्याच्यासमोर तापलेलं लोखंड धरून वाकलेला कामगार. भिंगाखाली बघितलं तर कामगाराच्या हातातली चिमट्याची रेघ आणि हातोड्याचा दांडा अजून शाबूत आहे, चेहरा मात्र पूर्ण घासला गेलाय, कारण तो भाग सगळ्यात उंच उठलेला आणि वापरात पहिल्यांदा झिजतो तो तोच.

कडेवर बर्शम, ब्रॅडली, विली, स्नेडशिल, त्याच्या चार कारखान्यांची नावं. बर्शममध्येच ते सिलिंडर कोरले जायचे. त्याची काही टोकनं नंतर बर्मिंगहॅमजवळ मॅथ्यू बोल्टनच्या सोहो कारखान्यात पडली, आणि बोल्टन म्हणजे वॉटचा भागीदार. तर सिलिंडर बनवणारा, इंजिन बनवणारा आणि टोकन पाडणारा हे तिघं एकमेकांचे गिऱ्हाईक, हे सगळं जेमतेम २८ मिलिमीटरच्या तांब्याच्या चकतीत बसलंय याचं मला खरंच फार नवल वाटतं. (विल्किन्सन इतका लोखंडवेडा की १८०८ मध्ये त्याला लोखंडी शवपेटीत पुरलं. टोकनं मात्र तांब्याचीच, लोखंड गंजतं आणि थंड ठोकायला फार कडक.)

१३ जून

कोलब्रुकडेल, अर्ध्या पेनीचं टोकन, १७९२. एका बाजूला जगातला पहिला मोठा लोखंडी पूल, खाली लिहिलंय १७७९ मध्ये उभारला, गाळा १०० फूट. मोजमापात पूल १०० फूट ६ इंच आहे, म्हणजे टोकनवाल्यांनी फुगवलेलं नाही. दुसऱ्या बाजूला केटलीचा उतरता मार्ग, रुळांवरून कालव्याच्या होड्या चढवायची उतरवायची सोय, साल १७८९. इंजिनियरिंगची कामं लोकांच्या खिशात फिरायला लागली ती इथून. पुलाच्या कमानीच्या कांबी मोजता येतात इतका ठसा स्वच्छ आहे, फोटो तिरक्या उजेडात पुन्हा घ्यायला सांगितलाय.

१७ जून

आज फक्त कडा. ज्यांना या कामात मदत करायचीय त्यांच्यासाठी सविस्तर लिहून ठेवतो.

जुनी पद्धत अशी की ठसा मारण्याआधी ब्लँक, म्हणजे कोरी चकती, दोन पोलादी पट्ट्यांमधून लोटत न्यायचा, पट्ट्यांवर अक्षरं कोरलेली, त्यामुळे कडेवर अक्षरं उठायची. हे फ्रान्समध्ये कास्टाँने १६८५ च्या सुमारास चालू केलं. त्यानंतर ब्लँक फ्लाय प्रेसमध्ये, म्हणजे हाताने फिरवायच्या दाबयंत्रात, वर-खाली दोन डायमध्ये (उलटं चित्र कोरलेले पोलादी ठसे) ठेवून ठोकायचा, भोवती काही अडवायला नाही, त्यामुळे धातू जरा बाहेर पसरतो, नाणं पूर्ण गोल राहत नाही आणि कडेची अक्षरंही कुठेकुठे चेपतात. व्हर्नियरने दोन-तीन दिशांनी व्यास घेतला की फरक लगेच दिसतो.

बोल्टनने सोहोला १७८८ मध्ये टांकसाळ उभी केली, प्रेस वाफेवर, १७९० मध्ये पेटंट. तिथे ब्लँकभोवती घट्ट कडं असायचं, म्हणजे कॉलर, धातूला बाहेर जायला जागाच नाही, त्यामुळे प्रत्येक नग सारखा गोल आणि सारख्या व्यासाचा. खोटी नाणी रोखायला याचाच मोठा उपयोग, कारण सारखेपणा हाताच्या प्रेसवर जमणं अवघड. १७९७ ची त्याची सरकारी पेनी बघा, ३६ मिलिमीटर, बरोबर एक औंस, म्हणजे २८.३५ ग्रॅम, आणि दोन पेनीचं नाणं दोन औंस. रुंद उंच काठ आणि अक्षरं आत खोल बसवलेली, म्हणजे झीज काठावर होते आणि अक्षरं वाचतात. आपल्याकडचा नग आज तोलला, दोनशेहून जास्त वर्षं उलटली तरी वजनातली घट ग्रॅमच्या आतच आहे.

सोबत एक गोष्ट, बर्मिंगहॅमचे हे टोकनवाले मुळात बहुतेक बटणं बनवणारे. पत्रा लाटायचा, गोल कापायचा, डायमध्ये ठोकायचा, हेच काम बटणाचं आणि हेच टोकनचं.

१८ जून

बोल्टनचंच १७९८ चं पदक, हे फोटोवरून. एका बाजूला त्याचा चेहरा. दुसऱ्या बाजूला चित्रच नाही, एकात एक वर्तुळं आहेत आणि त्यांच्यात आकडे. भोवती फ्रेंचमध्ये मजकूर, कारण परदेशी सरकारांना टांकसाळीची यंत्रं विकायची होती. मजकुराचा आशय असा की १७८८ मध्ये वाफेवर नाणी पाडायचं यंत्र उभारलं, १७९८ मध्ये त्याहून कितीतरी सरस, आठ नव्या प्रेसचं. वर्तुळ म्हणजे नाण्याचा व्यास आणि आतला आकडा म्हणजे मिनिटाला पडणारे नग. पदकालाच मोजपट्टी केलंय, नाणं त्याच्यावर ठेवा आणि वेग वाचा. इतकं थेट यंत्राबद्दल बोलणारं पदक मी दुसरं बघितलेलं नाही.

आणि त्याच मजकुरात पुढे आहे की हे काम आठ मुलं न थकता करतात.

हे वाचून बराच वेळ पुढचं काम सुचलं नाही. विकणाऱ्याच्या दृष्टीने ती यंत्राची स्तुती होती, बघा किती सोपं, लहान मुलंही चालवतील. आज तो पुरावा आहे की प्रेससमोर कोण बसत होतं, आणि तो पुरावा मालकाने स्वतःच्या हाताने कायमचा छापून ठेवलाय. "कोणी बनवलं" या रकान्यात आपण आत्तापर्यंत फक्त कोरणाऱ्याचं आणि कारखान्याचं नाव टाकत होतो. तिथे आता तिसरी ओळ वाढवली, प्रेसवर कोण. बहुतेक नोंदींत ती रिकामी राहणार आहे, राहू दे, रिकामी दिसली पाहिजे. या नोंदीत लिहिलं: आठ मुलं.

२३ जून

उठलेले फुटकुळे आणि बसलेले खड्डे यात फरक करायला सगळ्यांनी शिकायला हवं.

झालं असं की सोहोचा कारखाना १८५० च्या सुमारास विकला गेला, प्रेस राल्फ हीटनने घेतले आणि त्यातून पुढे बर्मिंगहॅम मिंट उभी राहिली, पण बऱ्याच जुन्या डाय लंडनच्या डब्ल्यू जे टेलर या ठसेवाल्याकडे गेल्या. त्याने त्या साफ करून संग्राहकांसाठी पुन्हा नग काढले. मूळ डाय, मूळ चित्र, मूळ साल, फक्त पन्नास-साठ वर्षं उशिरा. डाय पडून राहिल्याने गंजलेली होती, आणि डायवरचा गंजाचा खड्डा नाण्यावर उलटा म्हणजे वर उठलेला येतो. तर भिंगाखाली सपाट भागावर बारीक बारीक उठलेले दाणे दिसले तर टेलरचा संशय घ्यायचा. नाणं स्वतः खराब झालं असेल तर खड्डे आत जातात. बोटाला हा फरक कळत नाही, फोटोतही उजेड कुठून आलाय ते माहीत नसेल तर उठलेलं आणि बसलेलं उलटं दिसू शकतं, म्हणून प्रत्येक फोटोत उजेड वरच्या डाव्या कोपऱ्यातून, हा नियम आजपासून पक्का.

टेलरचे नग सूचीत ठेवायचे. खाली ठळक लिहायचं, आणि काढायचे अजिबात नाहीत, तेही कारखानदारीच्याच इतिहासातले आहेत, जुन्या उद्योगाची आठवण विकणं हाही तोपर्यंत धंदा झाला होता. खरं तर १७९० च्या दशकातच झाला होता, संग्राहकांसाठी मुद्दाम दोन भलत्याच टोकनांच्या डाय जोडून दुर्मिळ नग बनवून विकायचे. वापरातली ही खाजगी टोकनं मात्र १८१७ च्या कायद्याने बंद झाली.

२७ जून

साफसफाईबद्दल विचारणा आली म्हणून. पॉलिश लावायची नाही, ब्रश नाही, लिंबू चिंच काही नाही. पदकावरचा तपकिरी थर बऱ्याचदा कारखान्यानेच मुद्दाम चढवलेला असतो, तो घासला की पदकाची मूळ रंगत गेलीच. हिरवी पूड पडत असेल तर तो नग वेगळा ठेवायचा, कोरड्या जागी. मऊ प्लास्टिकच्या पाकिटातून सगळे बाहेर काढा, त्यातल्या पीव्हीसीमुळे तांब्यावर चिकट हिरवा थर धरतो.

२ जुलै

बीडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे नग. हा माझा सगळ्यात आवडता खण.

प्रशियाच्या सरकारी ओतशाळा, ग्लायविट्झची १७९६ ची आणि बर्लिनची १८०४ ची. इथले लोक दरवर्षी नवीन वर्षाची भेट म्हणून बीडाची छोटी पाटी ओतायचे, तळहातात मावेल एवढी, आणि तिच्यावर त्या वर्षी ओतशाळेने काय काय केलं ते उठावात, पूल, स्मारकं, इमारती. शुभेच्छापत्रही तेच, कामाचा अहवालही तेच आणि मालाचा नमुनाही तेच. बीड म्हटलं की आपल्याला जाड काळं खडबडीत डोळ्यापुढे येतं, या पाट्यांवर खिडकीच्या चौकटी आणि झाडाची पानं दिसतात. वाळू इतकी बारीक आणि लोखंड इतकं पातळ वाहणारं की साच्याच्या कोपऱ्याकोपऱ्यात गेलंय. वरून पातळ काळा थर. १८१३ मध्ये नेपोलियनविरुद्धच्या लढाईत लोकांनी सोनं देऊन बदल्यात लोखंडी दागिने घातले, त्याच वर्षी शिंकेल या वास्तुकाराच्या आराखड्यावरून आयर्न क्रॉस हे लष्करी पदक आलं, तेही ओतीव लोखंडाचंच चांदीच्या चौकटीत. या सगळ्यामागे याच ओतशाळांचं कसब.

ओतलेला नग ओळखायची खूण: सपाट भागावर अगदी बारीक रवाळपणा, कुठेतरी एखादं सूक्ष्म छिद्र, आणि कडेवर कानस फिरवलेल्या रेघा, कारण जिथून धातू ओतला तो तुकडा तोडून घासावा लागतो. आणि नक्कल ओळखायची खूण त्याहून सोपी, व्हर्नियर. मूळ नगावरून साचा घेऊन पुन्हा ओतलं की थंड होताना लोखंड साधारण एक टक्का आकसतं, म्हणजे १०० मिलिमीटरची पाटी ९९ ची होते आणि अक्षरांच्या धारा मऊ पडतात. दोन नग शेजारी ठेवले, एक मिलिमीटर कमी, विषय संपला. दुसरा नग नक्कल म्हणून नोंदवला.

८ जुलै

रेल्वे आणि बोगदे. लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वे, १५ सप्टेंबर १८३० ला उघडली, त्याचं हॅलिडे या कोरणाऱ्याचं पदक. थेम्स नदीखालचा बोगदा, २५ मार्च १८४३, जहाजं चालणाऱ्या नदीखालून जाणारा पहिला, पदकावर बोगदा बांधणाऱ्या मार्क ब्रुनेलचा चेहरा आणि मागे बोगद्याच्या जोड कमानी. काम १८२५ ला सुरू झालेलं, मध्ये पाणी शिरलं, माणसं गेली, वर्षानुवर्षं बंद पडलं, यातलं काही पदकावर नाही.

या खणातले बरेच नग पांढऱ्या धातूचे, म्हणजे मुख्यतः कथील. नवीन असताना चांदीसारखं चमकतं, मऊ असल्याने खोल चित्रही थोड्या दाबात उठतं आणि डाय लवकर फुटत नाही, त्यामुळे स्वस्त. गर्दीला विकायचं पदक याच धातूचं. पण मऊ म्हणजे जरा आपटलं की काठाला पोचा. पोचे असलेले, भोक पाडून गळ्यात घातलेले नग काढून टाकू नका रे, उद्घाटनाच्या गर्दीत जे लोक होते त्यांच्याकडे हेच गेलं. मखमली डबीतला नग साहेबाचा होता आणि तो डबीतून बाहेर आलाच नाही.

१२ जुलै

१८५१, लंडनचं महाप्रदर्शन, क्रिस्टल पॅलेस. बक्षिसाची पदकं कांस्याची, सोन्या-चांदीची पायरीच ठेवली नाही. काउन्सिल मेडल नावीन्यासाठी, प्राइझ मेडल उत्तम कामासाठी. समोरचा भाग विल्यम वायन या कोरणाऱ्याचा, व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट. इतकं जाड आणि उंच उठावाचं पदक एका दणक्यात उठत नाही, प्रेसमध्ये दाबायचं, तापवून मऊ करायचं, परत दाबायचं, असं करत करत चित्र भरतं. नाणं एका ठोक्यात पडतं, अशा पदकाला ते जमत नाही, म्हणून वेळ आणि खर्च दोन्ही कितीतरी पट.

आणि पुन्हा कड! बक्षीस मिळवणाऱ्याचं नाव आणि मालाचा वर्ग कडेवर ठोकलेला आहे. तोंडं सगळ्यांची सारखी, कोणाचं पदक हे फक्त कड सांगते.

अशा पदकांचा खरा उपयोग मालावर छापण्यासाठी. साबणाच्या वेष्टनापासून इंजिनाच्या पाटीपर्यंत सगळीकडे पदकांची चित्रं यायला लागली, आणि न मिळालेली पदकंही यायला लागली. ब्रिटनने १८६३ मध्ये कायदाच केला की प्रदर्शनाचं पदक मिळाल्याचा खोटा दावा हा गुन्हा, फ्रान्सने ३० एप्रिल १८८६ ला औद्योगिक बक्षिसांच्या बनावट वापराविरुद्ध वेगळा कायदा केला. कायदा करावा लागला म्हणजे प्रकार किती वाढला होता ते समजतं. म्हणून जुन्या लेबलांचे फोटो आपल्याला पुरावा म्हणून चालणार नाहीत, पदक किंवा निकालाची छापील यादी पाहिजे.

१६ जुलै

फ्रेंच नगांचा प्रश्न एका दिवसात सुटला. पॅरिसची टांकसाळ जुन्या डायवरून वर्षानुवर्षं पदकं काढत राहते, त्यामुळे पदकावरचं साल हे पदक बनल्याचं साल असेलच असं नाही. पण १८३२ पासून टांकसाळीने कडेवर छोटी खूण मारायला सुरुवात केली: आधी जुन्या पद्धतीचा दिवा, मग थोडा काळ जहाजाचा नांगर, १८४२ ते १८४५ जहाजाचं पुढचं टोक, १८४५ ते १८६० बोट दाखवणारा हात, १८६० पासून मधमाशी, आणि १८८० पासून फळाफुलांनी भरलेलं शिंग. बाजूला धातूचं नाव. तर १८०६ च्या औद्योगिक प्रदर्शनाचं म्हणून आलेलं पदक, कडेवर मधमाशी. म्हणजे नग १८६० नंतरचा, सरळ. नोंदीत दोन सालं लिहायची, चित्राचं आणि नगाचं.

२१ जुलै

धातू तपासायची आपली पद्धत साधी आहे, नग हवेत तोलायचा, मग दोऱ्याने पाण्यात लटकवून तोलायचा, हवेतल्या वजनाला दोन्हींच्या फरकाने भागायचं. तांबं ८.९ च्या वर, पितळ साडेआठच्या आसपास, कथील ७.३, शिसं ११.३. आज एका खणातले नग उचलतानाच हलके लागले आणि आकडा आला २.७. अ‍ॅल्युमिनियम.

या धातूची गोष्ट पदकांमध्ये जितकी नीट दिसते तितकी दुसरीकडे कुठे दिसत नसेल. १८५४ मध्ये देव्हिल या रसायनशास्त्रज्ञाने फ्रान्समध्ये रासायनिक पद्धतीने तो काढायला सुरुवात केली, तेव्हा तो मौल्यवान, तिसऱ्या नेपोलियनला भेट द्यायला त्याचं पदक केलं गेलं. १८८४ मध्ये वॉशिंग्टन स्मारकाच्या टोकावर १०० औंसांचा अ‍ॅल्युमिनियमचा सुळका बसवला तेव्हाही तो कौतुकाचाच विषय होता. १८८६ मध्ये अमेरिकेत हॉल आणि फ्रान्समध्ये एरू, दोघांनी वेगवेगळं विजेने धातू काढायचं तंत्र शोधलं आणि किंमत कोसळली. १८९३ च्या शिकागोच्या प्रदर्शनात याच धातूची आठवणीची पदकं लोकांना स्वस्तात मिळत होती. सम्राटाच्या भेटीपासून जत्रेतल्या खिशापर्यंत चाळीस वर्षं. हे नग संग्राहक हातात घेत नाहीत, पातळ आहेत, ओरखडे पडलेत, चित्रही सुमार. मला ते बक्षिसाच्या जाड कांस्य पदकांपेक्षा महत्त्वाचे वाटतात, कारण नवीन धातू स्वस्त झाला ही बातमी ते स्वतःच आहेत. प्रत्येकाचं वजन आणि जाडी पूर्ण नोंदवायची, गट करून एक ओळ टाकायची नाही.

२४ जुलै

कारखान्यातले पितळी बिल्ले घ्यायचे का यावर चर्चा झाली. नंबर आणि वर भोक असलेले, हत्यार घेताना खिडकीत बिल्ला द्यायचा, तो हत्याराच्या जागी खिळ्याला अडकवायचा, हत्यार परत केलं की बिल्ला परत. आठवणीसाठी बनवलेले नाहीत हे खरं. पण निवृत्त माणसाने जो बिल्ला घरी जपून ठेवला त्याचं काय? वेगळा खण केला, "कामाचे बिल्ले", आणि ज्यांच्यामागे नंतर नाव किंवा तारीख कोरलीय ते दोन्हीकडे दिसतील. मालकांच्या दुकानातच चालणारी मजुरीची टोकनं मात्र यात मिसळायची नाहीत, तो प्रकार वेगळा आणि कामगाराला जखडून ठेवणारा, ब्रिटनमध्ये १८३१ च्या ट्रक कायद्याने त्यावर बंदी आली.

३० जुलै

विसाव्या शतकाचा खण. इथे डाय बनवायची पद्धतच बदललेली आहे. आधी कोरणारा पोलादात उलटं कोरायचा, अक्षरं एकेक पंचाने (टोकावर अक्षर असलेल्या पोलादी खिळ्याने) ठोकायचा, त्यामुळे एखादं अक्षर तिरपं, एखादं खोल. मग पोलादाला पाणी द्यायचं आणि त्यातच कधी डाय तडकायची, महिन्यांची मेहनत एका क्षणात वाया. व्हिक्टर जान्व्हिएच्या यंत्राचं पेटंट १८९९ चं, त्यात ताटाएवढा मोठा नमुना बनवायचा, यंत्राची सुई त्याच्यावर फिरते आणि दुसऱ्या टोकाचं पातं तेच लहान आकारात पोलादात कापतं. चित्र आणि अक्षरं एकाच नमुन्यातून. त्यामुळे अक्षरांच्या मुळाशी मऊ गोलाई येते, पंचाची कडक धार नसते. भिंगाखाली अक्षराचा पाया बघा, शतक कळतं.

१९३३ चं जनरल मोटर्सच्या २५ वर्षांचं पदक, नॉर्मन बेल गेडिस या डिझायनरचं, मेडॅलिक आर्ट कंपनीने बनवलेलं. खाली ओघळत्या थेंबाच्या आकाराची गाडी, वर उंच उभा पंख. मंदीच्या ऐन मध्यात काढलेलं. रस्त्यावर तेव्हा तशी गाडी नव्हती, पुढे काय बनवायचंय ते पदकावर आधी आलं. एरवी मी चित्राला शेवटचा रकाना देतो, या एका नोंदीत चित्रावर लांबलचक लिहिलंय आणि ते तसंच राहणार.

४ ऑगस्ट

शेवटचा खण, "त्याच वस्तूच्या धातूचं". यात जे आहे त्यात मूळ वस्तू अक्षरशः वितळवून घातलीय. ब्रिटिश नौसेनापती नेल्सन ज्या जहाजावर होता ते फूड्रॉयंट १८९७ मध्ये ब्लॅकपूलच्या किनाऱ्यावर फुटलं, त्याच्या तांब्याची पदकं करून विकली. आणि नासाने अपोलो ११ नंतर काढलेलं पदक, कोलंबिया आणि ईगल या दोन्ही यानांतला थोडा धातू मिसळून बनवलेलं, मागे तसं लिहिलेलं आहे. हे अपोलोवर काम करणाऱ्या लोकांना वाटलं गेलं, कंत्राटदार कंपन्यांमधल्या कामगारांनाही, कारण जोडकाम आणि तपासणी करणाऱ्यांच्या हातात अंतराळवीरांचा जीव असतो हे त्यांच्यापर्यंत पोचवायचं होतं. "कोणाच्या हातात गेलं" या रकान्यात मालक, मंत्री, परीक्षक, प्रदर्शक असं लिहून लिहून झाल्यावर इथे कामगार लिहिताना मला मनापासून बरं वाटलं.

धातूची तपासणी या नगांवर पाण्याने होणार नाही, मिसळलेला भाग फार थोडा, घनतेत दिसत नाही. म्हणून नोंदीत "मजकुरानुसार" एवढंच लिहिलंय.

बाकी राहिलेलं: १८७६ च्या फिलाडेल्फियाचं बक्षीस पदक, तिथे सगळ्यांना एकाच दर्जाचं कांस्य पदक आणि सोबत परीक्षकांचा लेखी अहवाल अशी पद्धत होती, तर पदकाबरोबरचा कागद मिळतो का ते बघायचं. १८९३ च्या शिकागोच्या पदकांवर नाव डायमध्येच वेगळी पट्टी बसवून ठोकलेलं आहे, त्याच्या सांध्याचा जवळून फोटो हवा. आयफेल टॉवरची १८८९ ची चढाईची पदकं, पहिला मजला दुसरा मजला आणि शिखर अशी वेगवेगळी, तिन्ही आहेत पण वजनं घ्यायची राहिलीत, तराजू उद्या रिकामा होईल.